निळ्या लुगड्याचा परकर

“पाय बघू,” आत्ती म्हणाली.

मी एक पाय उचलून तळवा दाखवला, मग दुसरा. पानमळ्याच्या दारात रोज हे असंच चालायचं. आत चप्पल न्यायची नाही हा नियम सगळ्यांनाच होता. पण माझ्या तळव्यांना शेणापासून चिंचोक्यापर्यंत काय चिकटलेलं असेल याचा भरवसा नसे, म्हणून माझी वेगळी झडती.

“धुऊन ये. आणि वेलांस्नी हात लावायचा न्हाई. सिदूला लव्हाळा दे आणि सरळ भाईर ये.”

“आणि वेलांनीच मला हात लावला तर?”

“राजे, थोबाड फोडीन.”

तिनं ते कधी फोडलं नाही. चंपाआत्ती म्हणजे आप्पांची थोरली बहीण. विधवा होऊन माहेरी आली त्याला वीस वर्षं झाली होती, आणि माझी आई गेल्यापासून घर तिच्याच हातात होतं. मी बारा वर्षांची होते. त्या एका वर्षात मी तिच्या रवीची दोरी वासराच्या गळ्यात बांधली होती, मळा राखणाऱ्या सिदूतात्याच्या पानात दुप्पट चुना घालून त्याची जीभ सोलवली होती, आणि बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, पूजेला न्यायच्या नारळाला कोळशानं मिश्या काढल्या होत्या. घरात काही बिघडलं की पहिली हाक माझ्या नावानं पडायची. बहुतेक वेळा ती बरोबरच असायची.

आमची वस्ती मिरजेच्या पूर्वेला, गावापासून अर्ध्या कोसावर. बाकीच्या रानात शाळू आणि भुईमूग असायचा, पण आप्पांचा जीव पाऊण एकराच्या पानमळ्यात. चारी बाजूंनी कडब्याचा कूड, आत शेवरीच्या झाडांवर चढवलेले वेल. भर दुपारी आत शिरलं तरी हिरवा अंधार असायचा आणि अंगाला गार लागायचं. आप्पा बस्तीत जसे हात जोडून, आवाज न करता शिरायचे, तसेच मळ्यात शिरायचे. पानवेल सोवळी, असं आमच्याकडे मानत. बाईनं महिन्याच्या चार दिवसांत मळ्यात पाय ठेवला तर वेल जळतो, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

ते दिवस आले की सोनावैनी मळ्याच्या मागच्या छपरात जाऊन बसायची. माझा थोरला भाऊ बाळगोंडादादा, त्याची ती बायको. सतराव्या वर्षी आमच्या घरात आली, त्याला तीन वर्षं झाली होती. मूल नव्हतं. आत्ती त्यावर रोज काही बोलायची नाही, पण ज्या दिवशी वैनी छपराकडे निघायची त्या दिवशी तांब्या जरा जोरात आपटायची. छपर पूर्वेच्या कुडाला लागूनच होतं. तिथं भाकरी पोचवणं हे माझं काम. मी वरून भाकरी सोडायची आणि वैनीनं ओंजळीत झेलायची. मी मुद्दाम उंचावरून टाकायचे. तिनं एकदाही खाली पडू दिली नाही.

वैनी डावरी होती. डाव्या हातानं वाढलेलं आत्तीला चालत नसे, म्हणून स्वयंपाकघरात ती अवघडून उजव्या हातानं सगळं करायची. मळ्यात मात्र तिचा डावा हात मोकळा सुटायचा. वेल शेवरीला बांधायचा तो लव्हाळ्यानं, आणि तिची गाठ सगळ्यांच्या उलट बसायची. मला बांधायला तिनंच शिकवलं, त्यामुळे माझी गाठही उलटी. सिदूतात्या ओळीतून जाताना म्हणायचा, “हे दोन वेल डाव्या गाठीचं. एक सुनंचं, एक माकडाचं.”

तिचं एक निळं लुगडं शेवरीच्या खुंटाला अडकून फाटलं. धड राहिलेल्या भागाचं तिनं आखूड लुगडं करून नेसायला ठेवलं आणि उरलेल्याचा मला परकर शिवला. मग आम्ही दोघी एकाच निळ्यात दिसायला लागलो.

त्या साली मी सातवीत होते. गावातल्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग होते आणि सातवीत मुलगी म्हणून मी एकटी उरले होते. माझ्याबरोबरच्या तिघी एकीमागून एक शहाण्या झाल्या, म्हणजे पाळी आली, आणि घरी बसल्या. मोकाशी गुरुजी मला म्हणाले होते, “राजमती, फायनल पास झालीस की ट्रेनिंगला अर्ज करू. मास्तरीण होशील.” मी धावत येऊन हे सगळ्यांत आधी वैनीला सांगितलं. ती चुलीपुढं होती. म्हणाली, “मंग मला पण शिकव.”

“आधी मास्तरीण तर होऊ दे.”

“हां. तवर मी दम धरते.”

भाद्रपदात गुरुजींनी कोयनेच्या धरणाचा धडा घेतला. फळ्यावर त्यांनी भिंत काढली, बुडाला रुंद आणि वर निमुळती, आणि पाणी कसं अडतं ते समजावलं. मला ते ऐकून राहवेना. शनिवारी सकाळची शाळा करून आले ती थेट मळ्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात गेले. जादा झालेलं पाणी तिथून एका चरीनं कुडाखालून ओढ्याकडे जायचं. मी शेवरीच्या काटक्यांच्या दोन ताट्या बांधल्या, मध्ये दगड आणि चिखल ठासला, बुड रुंद ठेवलं. धरण झालं. पाणी अडलं, वर चढलं, माझ्या पानाच्या होड्या त्यात फिरायला लागल्या. तेवढ्यात आत्तीची हाक आली आणि मी कुडाच्या फटीतून पळाले.

रविवारी दिवसभर पावसाची झड लागली. सोमवारी शाळा होती. मंगळवारी जाऊन बघते तर धरण नाही. काटक्या इकडंतिकडं पडलेल्या. पाण्यानं नेलं असणार. मला दोन दिवस वाईट वाटलं. मग विसरले.

पंधरा-वीस दिवसांनी कोपऱ्यातले वेल माना टाकायला लागले. पहिल्यांदा ते सिदूतात्याला दिसलं. त्यानं आप्पांना बोलावलं, एक वेल उकरला. मूळ काळं पडलं होतं आणि त्याला कुजकट वास येत होता.

“मर हाय, आप्पा,” तो हळू म्हणाला.

आप्पा उकिडवे बसले. त्यांनी ते मूळ तळहातावर घेतलं, दोन बोटांनी दाबलं. साल सुटून आली. आठवड्यात चार ओळी गेल्या. मग सहा. पानं खुडायला येणाऱ्या माणसांना आप्पांनी नको म्हणून निरोप दिला.

आत्तीनं एकाच वाक्यात निकाल लावला. “मर आपल्या पायानं येत न्हाई. कुणीतरी इटाळ घिऊन आत गेलंय.”

आमच्याकडे जेवणं दिवस मावळायच्या आत व्हायची. त्या संध्याकाळी आप्पा आणि दादा ताटावर बसले होते. मी भिंतीशी. वैनी चुलीपुढं भाकरी थापत होती. आत्तीनं सिदूतात्याला उंबऱ्याशी बोलावून घेतलं.

“सांग त्यास्नी, काय बघितलंस ते.”

सिदूतात्या अवघडला. “मी काय तोंड बघितलं न्हाई, आक्का.”

“जेवढं बघितलंस तेवढं सांग.”

“झडीच्या दुसऱ्या दिशी. सोमवारी. न्याहारीच्या टायमाला. मी इंजिनाकडं हुतो. मळ्याच्या दारातनं कोण तरी भाईर आलं आणि कुडाच्या मागं गेलं. निळं कापड दिसलं. बास.”

“सोमवारी ही छपरात हुती,” आत्ती म्हणाली. बोट दाखवायची गरज नव्हती. “तिसरा दिवस हुता हिचा. मला ध्यान हाय.”

भाकरी थापण्याचा आवाज थांबला. वैनीनं मागं वळून पाहिलं नाही.

“गेलतीस का गं?” आप्पांनी विचारलं. सुनेशी ते सहसा सरळ बोलत नसत.

वैनीनं चुलीत लाकूड सारलं.

“आप्पा काय इचारत्यात?” दादा म्हणाला. त्याचा आवाज त्याच्या ताटातच पडला. तोही तिच्याकडे बघत नव्हता.

वैनी तरीही गप्प. तव्यावरची भाकरी करपायला लागली. आत्तीनं पुढं होऊन ती उलटली आणि म्हणाली, “तीन वर्सं झाली. पदरात काय पडलं न्हाई. आता हुतं ते बी गेलं. बाळगोंडा, मी काय परकी न्हवं, पर आता माझ्यानं गप बसवत न्हाई.”

आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, “उद्या सिदूला हिच्या बापाकडं धाडतो. येऊन घिऊन जाऊ देत.”

“किती दिवसांसाठी?” मी विचारलं.

दादानं मान आणखी खाली घातली. म्हणजे मला कळलं. गावात अशी एक बाई होती. दहा वर्षांपूर्वी माहेरी पोचवलेली, अजून भावाच्या दारात भांडी घासत होती.

मी उठून उभी राहिले. माझ्या अंगावर तोच परकर होता.

“मळ्यात मी गेलते,” मी म्हणाले. “निळा हा हाय.”

आत्ती माझ्याकडे बघून वैतागली. “तू तर रोजच जातीस. त्यानं वेल जळत असतं तर मळा कवाच गेला असता. खाली बस.”

ते खरं होतं. नुसतं गेल्यानं भागणार नव्हतं. मी खाली बघितलं. माझे पाय मळलेले होते.

“मी पण तशीच हुते,” मी म्हणाले.

“कशी?”

“वैनीसारखी. बाहेरची.”

वैनी आता वळली. तिचे दोन्ही हात पिठात होते. तिनं तोंड उघडलं. मला अजून दिसतं ते, तिचे ओठ विलग झाले आणि आता ती बोलणार असं वाटलं. मग तिनं ते मिटलं.

“कवापासनं?” आत्तीनं विचारलं.

“त्याच दिवशी. पयल्यांदाच.”

“सांगितलं का न्हाईस?”

“भ्या वाटलं.”

“कापडं?”

“ओढ्यात सोडली.”

आत्ती माझ्याजवळ आली, हनुवटी धरून माझा चेहरा वर केला. मी तिच्या डोळ्यांत बघितलं. थापा मारताना डोळ्यांत बघायचं असतं, हे मला तेव्हाही येत होतं. तिनं हनुवटी सोडली. कपाळावर हात मारला नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, “हिनंच केलं असणार.”

आप्पांनी अर्ध्या ताटात हात धुतला. मी मार खायला तयार होते. ते माझ्यासमोरून गेले आणि जाताना सिदूतात्याला म्हणाले, “निरोप ऱ्हाऊ दे.”

खरं सांगायचं तर मला गंमत वाटत होती. आजवरची सगळ्यांत मोठी थाप, आणि कुणालाही कळली नव्हती. राहिलेले दिवस आता पाळायचे म्हणून आत्तीनं मला छपरात पाठवलं. मी गवतावर पडून नारळाच्या मिश्यांपेक्षा हे किती भारी झालं याचा विचार करत होते. चौथ्या दिवशी तिनं मला न्हाऊ घातलं, शेजारच्या मळ्यांतल्या पाचजणींना बोलावलं, हिरवं खण-नारळ ओटीत घातलं. बायका गाणी म्हणायच्या बेतात आल्या होत्या, पण मळ्याकडे बघून त्यांनी हळद-कुंकू उरकलं आणि निघून गेल्या.

पाचव्या दिवशी सकाळी मी दप्तर खांद्याला लावलं.

“कुटं?” आत्ती म्हणाली.

“शाळंत. सहामाही जवळ आलीय.”

तिनं दप्तर माझ्या खांद्यावरून काढून घेतलं. हिसकावलं नाही, काढून घेतलं. “शाळा झाली, राजे.”

“फायनल हाय माझी.”

“शहाणी झालेली पोर दप्तर घिऊन गावातनं फिरत न्हाई. तुला ठाऊक नव्हतं व्हय हे?”

ठाऊक होतं. माझ्या वर्गातल्या तिघी अशाच गेल्या होत्या. पण त्या संध्याकाळी उभी राहिले तेव्हा मला ते आठवलं नव्हतं. थाप मारताना ती किती दिवस चालवावी लागेल हे आधी कोण मोजतं?

मी वैनीकडे बघितलं. ती पाट्यावर मिरची वाटत होती. वरवंटा थांबला, आणि पुन्हा सुरू झाला. ते खोटं होतं, एवढे तीन शब्द मी बोलले असते तर दप्तर परत मिळालं असतं. पण सिदूतात्या अंगणातच बसला होता, वैनीच्या माहेरी धाडला की निघायला तयार.

मी आत जाऊन दाराआड बसले.

चार दिवसांनी मोकाशी गुरुजी सायकल ढकलत वस्तीवर आले. आप्पांनी त्यांना घोंगडं टाकून दिलं. मी आतून ऐकत होते.

“आप्पा, पोर हुशार आहे. सहा महिन्यांचा प्रश्न आहे. पाहिजे तर मी रोज न्यायला-पोचवायला येतो.”

“हुशारी बघितली, मास्तर,” आप्पा म्हणाले. “मळा चाललाय त्या हुशारीत.”

“मळ्याचा आणि शाळेचा काय संबंध?”

“तुम्हाला न्हाई कळायचा. च्या घ्या.”

गुरुजींनी चहा घेतला. जाताना त्यांनी भूगोलाचं पुस्तक आणि एक पाटी ओट्यावर ठेवली. “ही शाळेची नाहीत, माझी आहेत,” एवढंच म्हणाले. आत्तीनं ती फळीवर टाकली.

पुढच्या महिन्यात एका सकाळी वैनी माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, “चल. आपला दिवस हाय.” तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही थाप दर महिन्याला मारावी लागणार होती. ती तारीख मोजायची आणि मला बरोबर घेऊन छपरात जायची. आत्तीला आम्हा दोघींचं एकदमच येणं सोयीचं वाटलं.

पहिल्या दिवशी आम्ही गवत पसरून बसलो. कुडापलीकडून खोदण्याचा आवाज येत होता. सिदूतात्या मेलेले वेल उपटून काढत होता. मग त्याचा जाळ केला. ओल्या वेलांचा धूर छपरात शिरला.

“कशाला केलंस हे?” वैनी म्हणाली.

“तुला पाठवलं असतं.”

“आणि तुला?”

मी रडायला लागले. रडणं सरेपर्यंत ती थांबली. मग तिनं गवताखाली हात घातला आणि गुरुजींची पाटी काढली. फळीवरून तिनं ती कधी पळवली कुणास ठाऊक.

“मास्तरीण झालीस न्हाईस,” ती म्हणाली, “पर मी काय आता दम धरत न्हाई. माझं नाव काढून दाखव.”

लेखणी नव्हती. तिच्या कनवटीच्या डबीत पानाचा चुना होता. मी बोटानं लिहिलं, सोना. तिनं डावा हात पुढं केला आणि मागं घेतला.

“ह्या हातानं चालंल?”

“इथं कोण बघतंय?” मी म्हणाले.

ती माझी पहिली विद्यार्थिनी. महिन्याचे तीन दिवस, तीन वर्षं. सुरुवातीला मी फार वाईट शिकवायचे. ती अडली की मला धीर धरवत नसे, मी शब्द सांगून टाकायचे. ती रागवायची. “सांगू नगस. थांब. माझं मी काढते.” मग ती ओठ हलवत त्या अक्षराभोवती फिरायची, बोट मागं न्यायची, पुन्हा पुढं आणायची. बाहेर ऊन सरकायचं. थांबायला मी तिथं शिकले. नंतर ट्रेनिंगमध्ये पुष्कळ काही शिकवलं गेलं, पण हे कुणी शिकवलं नाही.

चौदा महिन्यांनी ते खरंच आलं. मी घाबरून वैनीला सांगितलं. तिनं मला जवळ घेतलं आणि ती रडली, मला कळेना की इतकं रडण्यासारखं काय झालं. “आता खोटं संपलं,” ती म्हणाली.

बाकी काही संपलं नव्हतं. मर पुढं सरकत गेली आणि वर्षभरात मळ्याचा पूर्वेकडचा निम्मा भाग मोकळा झाला. तिथं आप्पांनी शाळू टाकला. मला त्यांनी मळ्यात यायला कायमची मनाई केली. दारात माझे पाय कुणी बघेनासं झालं. खोड्या काढायचं मी सोडलं असंही नाही. एकदा रवीची दोरी हातात घेऊन वासराकडे गेले, आणि तशीच परत आले. आप्पा माझ्याशी बोलायचे ते कामापुरतं. सोळाव्या वर्षी माझं लग्न झालं. निघताना मी पाया पडले, तेव्हा त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला खरा, पण नजर माझ्यावरून मळ्याकडे गेली.

माझ्या नवऱ्यानं मला बाहेरून फायनलला बसवलं, तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. नंतर ट्रेनिंग, मग प्राथमिक शाळा. मोकाशी गुरुजी तोवर गेले होते.

त्या संध्याकाळनंतर तीस वर्षांनी मी वर्गातली मुलं घेऊन एका शेतीच्या प्रदर्शनाला गेले होते. तिथं पानवेलीवरची एक पातळ पुस्तिका मिळाली. रात्री घरी जाऊन नाही, तिथंच, मुलं भुईमूग खात बसली होती तेव्हा मी ती उघडली. मरीचं पान वाचलं. पुन्हा वाचलं. दुसऱ्या रविवारी मी वस्तीवर गेले.

आप्पा आणि आत्ती गेले त्याला वर्षं झाली होती. मळाही राहिला नव्हता. दादानं तिथं द्राक्षं लावली होती. तो बागेत होता. वैनी ओट्यावर शेंगा फोडत होती. तिला उशिरानं दोन मुलगे झाले, दोघंही आता बापाच्या खांद्याला लागले होते. केस पांढरे झाले तरी शेंगा ती डाव्या हातानंच फोडत होती.

मी शेजारी बसले आणि पुस्तिका काढून वाचून दाखवली. मर हा रोग जमिनीतल्या बुरशीमुळे होतो. पावसाळ्यात पाणी मुळाशी साचून राहिलं की तो बळावतो. वेलीच्या सोवळ्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

वैनी शेंगा फोडत राहिली.

“वैनी,” मी म्हणाले, “त्या साली, झडीच्या आदल्या दिवशी, मी चरीवर...”

“धरण बांधलंतंस,” ती म्हणाली. “पूर्वेच्या कोपऱ्यात. कुडाच्या बुडाला.”

मी पुस्तिका मांडीवर ठेवली.

“छपरात बसलते मी. कुडाखालनं येणारं पाणी बंद झालं. दोन दिस चर कोरडी. एवढा पाऊस, आणि चर कोरडी कशी? तिसऱ्या दिशी फटीतनं बघितलं तर आत घोट्याच्या वर पाणी. वेल पाण्यात उभं.” तिनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. “गेले आणि फोडलं. काटक्या लव्हाळ्यानं बांधलेल्या. डावी गाठ. ती गाठ घरात दोघींचीच. सिदूनं बघितलं असतं तर त्यानं बी वळखली असती. म्हणून सोडून टाकल्या.”

“मला मार बसू नये म्हणून?”

“मंग कशाला?”

अंगणात कोंबड्या फोलपटं उकरत होत्या. तीस वर्षं मी समजत होते की त्या संध्याकाळी मी एक खोटं बोलले आणि एका माणसाला वाचवलं. मळा मी मारला, हे त्यातलं खोटं नव्हतंच.

“तू बोललीस तवा मला ठाऊक हुतं, तुला अजून काय झालं न्हाई ते,” वैनी म्हणाली. “तुझी कापडं मीच धुवत हुते. मी तोंड उघडलं हुतं.”

“बघितलं होतं मी.”

“मंग मिटलं.” तिचा हात सुपावर थांबला. “धरणाचं सांगितलं असतं तरी त्यांनी मलाच धाडलं असतं, असं मी आजवर माझ्या मनाला सांगत आले. पोरीची खोडी त्यांनी सोडून दिली असती, माझा पाय सोडला नसता. असंच झालं असतं का, ठाऊक न्हाई. सांगितलंच न्हाई, तर कळणार कसं? तू दप्तर लावून आलीस, त्या सकाळी परत वाटलं बोलावं. मिरची वाटत हुते. वाटत बसले.”

मला काहीतरी म्हणायला हवं होतं. जाऊ दे म्हणावं, तर ते माझ्या एकटीच्या हातात नव्हतं. तुझी चूक नाही म्हणावं, तर मग कुणाची, हे दोघींनाही माहीत होतं. मी तिच्या सुपातली एक शेंग घेतली आणि फोडली. दोन्ही दाणे किडके निघाले.

वैनीनं पदराला हात पुसले आणि पुस्तिकेसाठी पुढं केला. चष्मा नव्हता तिच्याकडे. तिनं ते पान डोळ्यांपासून लांब धरलं, डाव्या हाताचं बोट ओळीखाली ठेवलं आणि छपरात वाचायची तशी, ओठ हलवत, एकेक अक्षर सुटं करून वाचायला लागली.

“मु-ळा-शी सा-च-ले-लं पा-णी... वे-ळी-च बा-हे-र...”

ती अडली. बोट मागं गेलं, पुन्हा पुढं आलं. तो शब्द मला दिसत होता. तो माझ्या ओठांवर आला असावा, कारण तिनं वर न बघताच मान हलवली.

“सांगू नगस,” ती म्हणाली.

मी थांबले.